हातभर उंच चौकट

जुन्या चॅपेलचं दार इतकं बुटकं होतं की गावातल्या प्रत्येक कपाळाला तिथं कधी ना कधी टेंगूळ आलंच होतं. आगीत चॅपेल खाक झालं आणि नवं बांधताना मी चौकट मुद्दाम आधीपेक्षा हातभर उंच घेतली. बाबाही गवंडीच; ते भडकले, “हे चॅपेल नाही, गोदाम बांधलंस!” आणि अबोला धरून बसले. आज पहिल्या प्रार्थनेलाही ते फाटकाबाहेरच थांबले. सगळ्यांत आधी आत्या आली आणि दारात सवयीनं कमरेत वाकली. मागोमाग पाद्री वाकले, मग चौकट घडवणारा सुतारसुद्धा वाकला, डोक्यावर हातभर जागा असताना! वहिनीच्या कडेवर आगीनंतर जन्मलेलं बाळ होतं. तिनं वाकताना त्याचंही डोकं तळव्यानं अलगद झुकवलं. बाबा खो खो हसत आले, वाकले आणि मला म्हणाले, “थोडक्यात वाचलं बघ कपाळ!”