ठोका ओळखणारा बाण

सोसायटीच्या सामाईक माळावर रानडुकरांच्या शिकारीला परवानगी मिळाली, तेव्हा सेक्रेटरी पेंडसे म्हणाले होते, "हा बाण डुकराच्या हृदयाचा ठोका ओळखतो. माणसाला शिवणारसुद्धा नाही."

उर्मिलाने झुडपातल्या डुकरावर बाण सोडला. तो वर चढला, हवेतच मागे वळला आणि तिच्याशेजारी उभ्या असलेल्या दिगंबरच्या छातीवर चाल करून आला. तिच्या नवऱ्याला गेल्याच वर्षी डुकराचं हृदय बसवलं होतं!

"अहो!" किंचाळून तिने त्याला घट्ट कवटाळलं. तिच्या पाठीजवळ येताच बाण थबकला आणि गवतात पडला.

माळावर शेजाऱ्यांची धनुष्यं ताणलेलीच होती.

"काय झालं गं?" दिगंबरने विचारलं.

"घरी चला," ती कशीबशी म्हणाली आणि मिठी न सोडता त्याला पावलापावलाने नेऊ लागली.