सलोनीचा जोडीदार

पास द्यायला जोडीदार लागतो, हे फुटबॉलचं पहिलं तत्त्व. शांती नगरात मात्र भिंत लागते, कारण जोडीदार ऑफिसात असतो. दिपेशने वर्षभर आपल्या मुलीला, सलोनीला, हेच सांगितलं होतं, "भिंतीवर मार, मी आलोच."

आज शनिवारी तो नवे बूट घालून खरोखरच सोसायटीच्या कंपाउंडमध्ये उतरला. सलोनी म्हणाली, "पप्पा, तुम्ही बसा ना. आमचा रिदम तुटेल."

"आमचा?"

तिने पास दिला. बॉल भिंतीपाशी जाऊन गप्प थांबला, कुणी तळव्याखाली धरल्यासारखा. मग अलगद तिच्या डाव्या पायावर परत आला. डावा पाय तिचा कच्चा होता.

दिपेश हसला. "दे इकडे." त्याने जोरात पास मारला. बॉल भिंतीपाशी थांबला आणि थांबूनच राहिला.

"परत का येत नाहीय?"

सलोनीने भिंतीकडे कान दिला. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "थांबा जरा. पाच मिनिटांत देते म्हणतेय."

बॉल हलला नाही. पाणी तुंबू नये म्हणून कंपाउंडचा उतार गेटकडे काढला होता, आणि गेट दिपेशच्या पाठीमागे होतं; बॉल आपोआपच त्याच्याकडे घरंगळत यायला हवा होता.