पहाटेची साक्ष

"एकजण लिहितो एक बाई गेली होती, दुसरा म्हणतो दोन, तिसरा म्हणतो तीन." सर्व्हेअर बोटांवर मोजत होता. "येशूच्या कबरीपाशी बायका किती होत्या हेच तुमच्या शुभवर्तमानांच्या लेखकांना धड ठाऊक नाही, पाळकसाहेब. आणि मेलेला माणूस उठला, हे मात्र मी डोळे मिटून मान्य करायचं?"

पाळकसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "सगळ्यांनी अक्षरन् अक्षर सारखं सांगितलं असतं, तर तुम्हीच म्हणाला असतात, साक्षीदार पढवून आणलेत."

"म्हणालो असतोच!"

हा वाद दोघांचा जुनाच. एरवी त्यात हसणं-खिदळणं असायचं. आज सर्व्हेअरला हसू येत नव्हतं. उद्या सकाळी नातीचा बाप्तिस्मा होता. लेकीने एकच मागणं मागितलं होतं, की बाबांनी बाळाला हातात घेऊन उभं राहावं आणि 'विश्वास आहे का?' असं विचारल्यावर सगळ्यांसमोर 'आहे' म्हणावं. नातीवर त्याचा जीव होता, पण खोटं बोलायला जीभ रेटत नव्हती. चाळीस वर्षं त्याने बोगदे मोजले होते. दोन्ही टोकांकडून मोजायचं, आकडे जुळले तरच सही करायची. शेवटी लेक वैतागून म्हणाली होती, "राहू दे. मी सासऱ्यांना विचारते." ते वाक्य सकाळपासून त्याला टोचत होतं. म्हणून तर त्याने पाळकसाहेबांना मुद्दाम बोलावलं होतं. कुठूनतरी एक धडधाकट पुरावा मिळाला तर त्याला हवाच होता.

"असं बघा," पाळकसाहेब म्हणाले, "त्या काळी बाईच्या साक्षीला कुणी फारसं विचारत नव्हतं. गोष्ट रचायचीच असती तर बायका कशाला पुढे केल्या असत्या? चार वजनदार पुरुष नसते का उभे केले?"

"पहाटेचा अंधार. रडून सुजलेले डोळे. रात्रीची झोप नाही. अशा बाईला काय वाटेल ते दिसेल आणि काय वाटेल ते ऐकू येईल. शिष्यांनासुद्धा ती बडबडच वाटली, तुमच्याच ग्रंथात लिहिलंय. असल्या साक्षीवर मी साधी कुदळ उचलू दिली नसती."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. सर्व्हेअरची बायको ओले हात पुसत दारात आली.

"उचलली होती," ती म्हणाली.

"काय?"

"कुदळ. माझ्या साक्षीवर."

अठ्ठावीस वर्षांपूर्वी बोगद्याचं छत बसलं, तेव्हा आत एकटा सर्व्हेअर अडकला होता. तिसऱ्या दिवशी त्याला जिवंत बाहेर काढलं. अहवालात स्वच्छ लिहिलं होतं की यंत्राने आतला आवाज टिपला, म्हणून खोदकाम चालू ठेवलं. यंत्राने मला वाचवलं, हे तो आल्यागेल्याला सांगायचा. पाळकसाहेबांनीही ते निदान वीस वेळा ऐकलं होतं.

"यंत्राला काही ऐकू आलं नव्हतं," बायको म्हणाली. "दोन दिवस साहेब लोक ते लावून बसले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे यंत्र पेटीत भरायला लागले. मला म्हणाले, बाई, आता घरी जा. मी म्हटलं, आतून ठोकल्याचा आवाज आलाय. साहेब लोकांना वाटलं, दुःखाने हिला भास होतोय. एकट्या मुकादमाने माझं ऐकलं आणि माणसं कामाला लावली. पुढे 'बायकोने सांगितलं म्हणून खोदलं' असं लिहायची साहेबांना लाज वाटली. मग घातलं यंत्राचं नाव."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तुम्ही अहवाल वाचलात आणि विचारायचंच थांबलात."

पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. सर्व्हेअर मात्र सवयीने उलटतपासणीला लागला.

"किती वेळा ठोकलं?"

"तीनदा."

"कशावर?"

"लोखंडावर. पाइप असेल." तिने नजर वळवली.

सर्व्हेअरने तोंड उघडलं आणि मिटलं. ही साक्ष एका वाक्यात आडवी करता येईल असं काहीतरी त्याला ठाऊक होतं. खोलीत दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नाही, असं त्याला वाटलं. एवढी वर्षं रंगलेला वाद त्याने त्या क्षणी जिंकला असता. पण तो बायकोकडे बघत राहिला. एवढे उपकार एका माणसाचे आपल्यावर आहेत, आणि आपण अठ्ठावीस वर्षं आभार मानत राहिलो एका पेटीचे!

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "उद्या किती वाजता यायचं? मी उभा राहतो. 'आहे' म्हणेन, आणि मनापासून म्हणेन."

पाळकसाहेब खुशीत निघाले. बायकांच्या साक्षीचा मुद्दा अखेर लागू पडला, असं त्यांना वाटत होतं. फाटक लावल्याचा आवाज आला तसा सर्व्हेअर स्वयंपाकघरात गेला. बायको पुन्हा भांड्यांना लागली होती. त्याने फडकं घेतलं आणि एकेक ताटली पुसायला सुरुवात केली.

"अगं," तो शेवटी म्हणाला, "माझे दोन्ही हात कोपरापर्यंत दगडांत अडकले होते. बोटसुद्धा हलत नव्हतं. मी काहीच ठोकलं नव्हतं."

"माहीत आहे. बाहेर काढलं तेव्हा मी होतेच की तिथं."

"मग तू ऐकलंस काय?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही आत होतात ना."