स्मिल्येचा उतार

"पाय उचलू नकोस, विंका. आहेस तिथेच थांब."

विंका वाकली होती, ती तशीच राहिली. एका हातात विळा, दुसऱ्या हातात स्मिल्येच्या पिवळ्या फुलांची मूठ. आवाज शेजारच्या शिमूनचा होता. सत्तरीचा म्हातारा खाली पायवाटेवर उभा होता, धापा टाकत.

"साप आहे का, भाऊजी?"

"साप असता तर बरं. सुरुंग आहेत."

विंकाने पायाखाली पाहिलं. गावाजवळचं स्मिल्ये लोकांनी तेल काढायला केव्हाच कापून नेलं होतं. या उतारावर मात्र ते गुडघ्याएवढं माजलं होतं, कारण इथे कोणी येत नसे. पंधरा वर्षांपूर्वी तिचा नवरा येरको हरवलेली शेळी शोधायला इथे चढला, आणि सुरुंगावर पाय पडून गेला. त्यानंतर सुरुंग काढणारे येऊन पायवाट तेवढी तपासून गेले. त्यांना काही सापडलं नाही. युद्धात पलीकडच्या शत्रूने पुरलेला एखादाच राहिला असेल, तो फुटला, असं गावाने धरून चाललं होतं.

"डावा पाय मागे घे. तुझ्यामागे पांढरा दगड आहे, त्याच्यावर ठेव. दगडावरच ठेव, मातीत नाही."

तिने ठेवला.

"आता उजवीकडचा, फुटका. त्याच्याखाली झुडूप आहे ना, त्याला शिवू नकोस."

एकेका दगडावरून ती खाली येत राहिली. शिमून कुठेही अडखळत नव्हता. स्वतःच्या अंगणातली वाट दाखवावी तसा सांगत होता. शेवटच्या दगडावर ती पोचली. पुढे दगड नव्हता. दोन पावलांएवढी मोकळी माती आणि मग पायवाट.

"आता नीट ऐक," शिमून म्हणाला.

"आधी तुम्ही ऐका. हे सगळं तुम्हाला कसं माहीत?"

"युद्धात पलीकडचा एक जण आमच्या हाती लागला होता. त्याने सांगितलं."

"म्हणजे येरको गेला तेव्हा माहीत होतं तुम्हाला."

"विंका, आधी बाहेर ये."

"आमच्या लग्नात त्याच्या शेजारी उभे होतात तुम्ही. त्याची शवपेटी खांद्यावर घेतलीत. दर थंडीत माझी लाकडं फोडून देता. आणि हे माहीत होतं?"

"होतं."

विंकाने हातातली फुलं टाकली. विळाही टाकला. मग ती त्या दगडावर बसली. पाय अंगाशी घेतले.

"सुरुंग काढणाऱ्यांना फोन लावा. माझ्यासमोर. तोवर मी इथून हलणार नाही."

"वेडी आहेस का? तोल गेला तर?"

"तर मग ते तुमच्यामुळेच होईल. बाहेर आले की तुम्ही पुन्हा तोंड शिवून बसाल. उद्या आणखी कोणीतरी वर चढेल."

ऊन चढत होतं. शिमूनने वाटेवर दोन्ही बाजूंना पाहिलं. कोणीच नव्हतं. मग त्याने खिशातून फोन काढला. दोनदा नंबर चुकला. तिसऱ्यांदा लागला, तेव्हा विंका म्हणाली, "स्पीकर लावा. मलाही ऐकू दे."

त्याने गावाचं नाव सांगितलं. उतार सांगितला. अकरा होते, आता दहा उरले, असं सांगितलं.

"जागा नक्की माहीत आहेत?" फोनवरून एका तरुण मुलीने विचारलं.

"दहाही."

"पुरले कोणी, काही कल्पना आहे?"

शिमूनने वर पाहिलं. विंका त्याच्याकडेच बघत होती.

"मी," तो म्हणाला. "गाव वाचवायला."

विंकाची अजून दोन पावलं बाकी होती, आणि ती कुठे टाकायची ते फक्त त्यालाच ठाऊक होतं.