दारावरचा सेन्सर

वारज्याला टेकडीच्या उतारावर श्रीनिवासरावांनी घर बांधलं, पण विजेचं कनेक्शन घेतलंच नाही. छतावर सोलर, जिन्याखाली बॅटऱ्या, आणि खोलीत कोणी हललं नाही की दिवा आपोआप बंद.

हॉलचा सेन्सर मात्र पार दारावर होता. ते खुर्चीत शब्दकोडं सोडवत बसले की दिवा जायचा. मग काठी टेकत दारापर्यंत जायचं, दिवा लावून परत यायचं, आणि वाटभर सेन्सरचा उद्धार करायचा.

"मी बसलो की या घराला वाटतं, आत कोणी नाहीच!"

"मला लग्नापासून तसंच वाटतंय," सुहासिनीबाई आतून म्हणायच्या.

रविवारी लेक आली, सुनीती. ही सगळी यंत्रणा तिनेच बसवलेली. सुहासिनीबाईंनी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "हे कितीही ओरडले तरी तो सेन्सर हलवू नकोस. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून चाला, चाला म्हणून मी घसा कोरडा केला, पण हे ढिम्म हलले नाहीत. आता बघ!"

सुनीती हसली. "अगं, तो दारावर लावायला मला बाबांनीच सांगितलं. म्हणाले, चालायला तर हवंच, पण तुझ्या आईचं ऐकून चालतोय असं दिसायला नको."