डाव्या गालावरचा तीळ

पोरिरुआ शहरातल्या घराच्या गॅरेजमध्ये दमयंतीने चेरीच्या फळीवर समुद्रकिनारा कोरला होता आणि त्यावर जँडल्स, म्हणजे रबरी चपला घालून, हात धरून उभी असलेली दोघं: ती आणि तिचा नवरा नितीश. फळीवर सगळं उलटं कोरायचं, तेव्हा कुठे ते कागदावर सुलट उमटतं.

पहिल्याच छापात नितीशने तिचा हात सोडला होता. तिने घाईघाईने फळी चाचपली. तिथे हात हातातच होता.

दुसऱ्या छापात, जिथलं लाकूड तिने पार खरवडून काढलं होतं, जिथे शाई लागणंच शक्य नव्हतं तिथे, त्याला बिलगून एक अनोळखी बाई उमटली. उजव्या गालावर तीळ.

चहा घेऊन आलेला नितीश कागदावर वाकला.

"तीळ डाव्या गालावर आहे गं तिच्या," तो मायेने म्हणाला. "फळीवर उलटा कोरायला विसरलीस."