फक्त नातीसाठी

कर्नाटकातल्या सरगूरजवळच्या एका गावात समितीने पाहुण्यांसाठी गावदर्शन सुरू केलं, तेव्हा कुणी रागीमुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचे उकडलेले गोळे, करून दाखवायचं कबूल केलं, कुणी टोपल्या विणून. मराठी घर गावात एकच, म्हणून ओट्यावर बसून घरची भाषा ऐकवायचं काम खंडोजीरावांच्या वाट्याला आलं. ते मराठीत स्वागत करायचे आणि समितीचा पद्मनाभ ते इंग्रजीत सांगायचा. त्याला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने आपलं वाक्य पाठ करून ठेवलं होतं.

आज म्हैसूरहून आपल्या ऑफिसच्या मंडळींना घेऊन खंडोजीरावांची नात तुंगाच आली होती. तासाभरात बस परत निघणार होती. गावासमोर मनातलं सगळ्यांना कळणाऱ्या कन्नडात बोलायची म्हाताऱ्याला लाज वाटली. आपली भाषा इथे एकट्या नातीला कळेल, या भरवशावर ते म्हणाले, "तुंगा, तुझी आजी गेल्यापासून घर खायला उठतंय गं. आजचा दिवस तरी राहा की."

पद्मनाभने नेहमीसारखं हसून सांगितलं, "आजोबा म्हणताहेत, आमच्या गावात तुम्हा सर्वांचं स्वागत आहे."



"सूपर, ताता!" असं आजोबांना कन्नडात म्हणत सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या त्या तुंगाने.